सेंट्रल हीटिंगमधलं इन्हिबिटर

इन्हिबिटर म्हणजे घरच्या सेंट्रल हीटिंगच्या पाण्यात घालायचं गंजरोधक केमिकल. ब्रिटनमधली बहुतेक घरं पाण्यावरच गरम होतात, बॉयलर पाणी तापवतो, पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधे फिरवतो आणि तेच पाणी परत बॉयलरकडे येतं, वर्षानुवर्षं तेच. आपल्याकडे गीझरपलीकडे घरात असलं काही नसतं, त्यामुळे तिकडे घर घेतलेल्या मराठी माणसाला इन्हिबिटर हा शब्द कळतो तो बहुधा रेडिएटर गार पडल्यावरच.

रेडिएटर स्टीलचे, पाइप बऱ्याचदा तांब्याचे, बॉयलरच्या आतला भाग स्टेनलेस स्टीलचा नाहीतर ॲल्युमिनियमचा, आणि सगळ्यांतून फिरणारं गरम पाणी एकच. पाण्यातला ऑक्सिजन स्टीलला लागला की गंज सुरू होतो आणि त्यातून मॅग्नेटाइट तयार होतं, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड. बारीक गाळ असतो, बोटाला काजळासारखा लागतो, चुंबकाला चिकटतो. तो रेडिएटरच्या तळाशी साठला की रेडिएटर वर गरम, खाली गार. वर गार आणि खाली गरम असेल तर वर गॅस अडकलाय, आणि तो दरवेळी हवाच असतो असं नाही, गंजताना हायड्रोजनही सुटतो, म्हणून रेडिएटर सारखा ब्लीड करावा, म्हणजे वर अडकलेला गॅस सोडावा लागत असेल तर आत गंज चालू आहे का हे बघावं, आणि ब्लीड करताना जवळ लायटर-काडी अजिबात नको.

इन्हिबिटर धातूवर पातळ संरक्षक थर धरतं. काहींमधे मॉलिब्डेट असतं, तांब्यासाठी वेगळे घटक असतात. फर्नॉक्सचं एफ१ आणि सेंटिनेलचं एक्स१०० ही नावं तिकडे सगळ्या प्लंबरांच्या तोंडी. एक्स१००ची १ लिटरची बाटली साधारण १०० लिटर पाण्याला पुरते, घर मोठं असेल तर दोन घालाव्यात, कमी डोस हा खरा धोका आहे.

घालायचं कसं ते सिस्टीमवर अवलंबून. जुन्या घरात लॉफ्टमधे छोटी टाकी असते, तिथे हीटिंग बंद करून, गार होऊ देऊन बॉलकॉक वर बांधायचा, खालून थोडं पाणी काढायचं, टाकीत बाटली ओतायची आणि बॉलकॉक सोडायचा. कॉम्बी बॉयलरची (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) सिस्टीम सीलबंद असते, तिथे मॅग्नेटिक फिल्टर (गाळ चुंबकाने धरणारा) असला तर त्याचे व्हॉल्व्ह बंद करून तो रिकामा करून त्यातून घालतात, नाहीतर टॉवेल रेलचे (बाथरूममधला टॉवेल वाळवायचा रेडिएटर) दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून थोडं पाणी काढून वरच्या बुचातून नरसाळ्याने. मग फिलिंग लूपने (नळाचं पाणी सिस्टीममधे भरायची जोडनळी) गार असताना प्रेशर १ ते १.५ बारवर आणायचं, लूप काढून ठेवायचा (हे पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं जाता कामा नये), आणि सगळे रेडिएटर उघडे ठेवून हीटिंग चालवायचं म्हणजे ते सगळीकडे मिसळतं. एवढ्यासाठी गॅसवाला लागत नाही, पण बॉयलरच्या कव्हरच्या आत हात घालायचा तर गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) नोंदणीचाच माणूस हवा.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे इन्हिबिटर घातलं की गाळ जातो. नाही जात. त्यासाठी आधी क्लीनर घालून सिस्टीम फ्लश करावी लागते, मग इन्हिबिटर. दुसरं म्हणजे ते एकदा घालून विसरायचं नसतं, रेडिएटर काढला, पाणी सोडलं की ते पातळ होतं, आणि कुठेतरी गळती असून दर आठवड्याला प्रेशर भरत बसलात तर केमिकल जातं आणि ताजा ऑक्सिजन आत येतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान, आधी गळती बंद करा.

ब्रिटिश मानक बीएस ७५९३ च्या २०१९च्या आवृत्तीप्रमाणे प्रमाण दरवर्षी तपासायचं आणि दर ५ वर्षांनी पुन्हा डोस द्यायचा किंवा पाण्याची लॅब टेस्ट करायची. तपासायला किट मिळतं. घातल्याची तारीख आणि नाव लिहून बॉयलरजवळ चिकटवून ठेवावं, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची केमिकलं एकत्र करायची नसतात आणि पुढच्या प्लंबरला आत काय आहे ते नुसतं बघून कळत नाही.