यलोस्टोनमध्ये पूर्वी माणूस राहतच नव्हता का?

'अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्यांना तिथले मूलनिवासी घाबरायचे, म्हणून तो डोंगराळ भाग निर्मनुष्य होता' ही माहिती वर्षानुवर्षे फिरते आहे. ती पटण्यासारखी वाटते, पण खरी नाही.

या भागात किमान 11,000 वर्षांपासून माणसाचा वावर आहे. इथल्या 'ऑब्सिडियन क्लिफ' नावाच्या कड्यात काळी ज्वालामुखी काच (ऑब्सिडियन) मिळते. तिचे कपचे काढून लोक बाणांची टोकं आणि सुऱ्या घडवायचे. प्रत्येक खाणीतल्या काचेची रासायनिक घडण वेगळी असते, त्यामुळे क्ष-किरणांनी तपासलं की तुकडा कुठला ते कळतं. यलोस्टोनची काच दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, ओहायो राज्यातल्या, माणसांनी रचलेल्या प्राचीन मातीच्या टेकाडांत सापडली आहे.

आता भीतीचं. टुकुडिका हे मूलनिवासी लोक इथेच राहायचे. डोंगरी मेंढ्यांची शिंगं गरम झऱ्यांत मऊ करून ते भक्कम धनुष्यं बनवायचे. घाबरणारा माणूस झऱ्याकाठी बसून असलं चिकाटीचं काम करेल का? कारंज्यांच्या परिसरातही जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत.

मग हा समज आला कुठून? 1872 मध्ये यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान झालं. 1877 मध्ये अमेरिकी सैन्य मागावर असलेले नेझ पर्स जमातीचे मूलनिवासी त्यातूनच गेले. अशा बातम्यांनी पर्यटक बिचकू नयेत म्हणून 'इथे मूलनिवासी फिरकत नाहीत' असं सांगितलं जाऊ लागलं आणि टुकुडिकांना राखीव वसाहतींत हलवण्यात आलं.

पडताळायचं असेल, तर 'ऑब्सिडियन क्लिफ' हे नाव शोधा आणि तिथल्या उत्खननांची माहिती वाचा.