रेडिओच्या लायसन्सपासून फ्री डिशपर्यंत : प्रसार भारती इथवर कशी आली

आकाशवाणी नि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा विषय निघाला की चर्चा लगेच बातम्यांवर येते. सरकारची बाजू तेवढी दाखवतात, विरोधकांना वेळ देत नाहीत, स्वायत्तता फक्त कागदावर आहे वगैरे. तक्रार खोटी नाहीये, पण मला कायम वाटत आलंय की आपण रोग बघतो आणि त्याचं मूळ बघत नाही. मूळ आहे पैशात. हे सगळं चालवायचे पैसे कोणी द्यायचे, आणि जो देईल तोच जाब विचारणार हे उघड आहे, मग ऐकणाऱ्याने नि बघणाऱ्याने जाब कुठे विचारायचा? हा प्रश्न १९२७ पासून लोंबकळत पडलाय.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत लॉर्ड आयर्विनच्या हस्ते रेडिओ केंद्र सुरू झालं, पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती, आणि तिची भिस्त मुख्यतः लायसन्स फीवर, म्हणजे रेडिओ ठेवणाऱ्याने दरवर्षी भरायच्या पैशांवर. त्याच वर्षी १ जानेवारीला तिकडे ब्रिटनमध्ये बीबीसीची कंपनी मोडून कॉर्पोरेशन झालं होतं, तेही लायसन्स फीवरच, पण तिथे सेट लाखोंनी होते आणि इथे काही हजार. कंपनी तीन वर्षं पण टिकली नाही, १९३० च्या मार्चमध्ये बंद पडली. एप्रिलपासून सरकारने ताब्यात घेतली, १९३१ मध्ये तोटा नको म्हणून हे बंदच करायचं असंही ठरलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचलं. नंतर १९३५ ला बीबीसीतून लायोनेल फील्डन प्रमुख म्हणून आले आणि जून १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ, म्हणजे आपली आकाशवाणी, हे नाव मिळालं. म्हणजे आपल्याकडचं प्रसारण सरकारी झालं ते काही फार विचार करून नाही, खाजगी कंपनी बुडाली आणि दुसरं कोणी उचलायला नव्हतं म्हणून झालं, आणि नंतर कुठल्याच सरकारला ते सोडावंसं वाटलं नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात आकाशवाणीची जेमतेम सहा केंद्रं होती. पन्नाशीच्या दशकात बा. वि. केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, शास्त्रीय संगीत मात्र घराघरात गेलं, आणि गाण्यांसाठी लोक रेडिओ सिलोन लावायला लागले. शेवटी ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आणावीच लागली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण त्याच काळात पुणे केंद्राने जे केलं त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते पब्लिक ब्रॉडकास्टिंग, म्हणजे लोकांसाठीचं प्रसारण, म्हणजे नेमकं काय हे त्यातून सगळ्यात चांगलं कळतं.

१९५६ च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांमध्ये श्रोत्यांची मंडळं बसवली. कल्पना कॅनडातली होती. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा शेतीचा नि गावच्या प्रश्नांचा कार्यक्रम, गावात एका ठिकाणी रेडिओ, भोवती पंधरा-वीस माणसं. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं, एकाने लिहून घ्यायचं, शंका केंद्राला पाठवायच्या, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात रेडिओवरून यायची! प्रयोगाचा अभ्यास टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केला, ज्या गावांत मंडळं होती तिथे लोकांच्या माहितीत स्पष्ट फरक पडलेला दिसला, आणि पुढे १९५९ पासून हीच पद्धत देशभर नेली. इथे श्रोता नुसता ऐकणारा नव्हता, त्याचा प्रश्न स्टुडिओपर्यंत पोचत होता. याच केंद्राने त्याच्या आदल्या वर्षी रामनवमीला गीतरामायण सुरू केलं होतं, दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर, एकूण ५६. जाहिरात नाही, प्रायोजक नाही, टीआरपी तर नाहीच नाही. एका केंद्राला आपल्या भाषेतल्या माणसांसाठी वर्षभराचा घाट घालायची मोकळीक होती म्हणून ते झालं.

आता लायसन्सबद्दल. आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही पण रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं. पोस्टातून पासबुकासारखं छोटं पुस्तक मिळायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, आणि तपासणीला कोणी आलं तर ते दाखवायचं. कटकट होती, मान्य. पण त्या शिक्क्याचा अर्थ असा की या सेवेचे पैसे मी भरतोय. बीबीसीचं सगळं बळ आजही त्याच नात्यावर उभं आहे. आपल्याकडे घोळ असा झाला की फी गोळा व्हायची ती सरकारी तिजोरीत जायची, आणि आकाशवाणीला पैसे यायचे ते बजेटमधून मंत्रालयामार्फत. म्हणजे भरणारा श्रोता आणि देणारं सरकार, त्यामुळे नातं जुळलंच नाही. हे तेव्हाही कळत नव्हतं असं नाही, सरकारनेच नेमलेल्या चंदा समितीने १९६६ सालीच सांगितलं होतं की आकाशवाणी खात्यातून काढा आणि कॉर्पोरेशन करा.

तसं झालं नाही. झालं ते एवढंच की विविध भारतीवर जाहिराती आल्या, १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि त्याची सुरुवात आपल्याच मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून झाली. टीव्ही १९५९ ला दिल्लीत प्रयोग म्हणून सुरू झालेला, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ ला आला, १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं केलं. मध्ये आणीबाणी. २६ जून १९७५ च्या सकाळी देशाला ती कळली तीच आकाशवाणीवरून, आणि पुढचे एकवीस महिने हे माध्यम कोणाच्या हातात आहे ते सगळ्यांनी बघितलं. त्या धक्क्यातून जनता सरकारने बी. जी. वर्गीस समिती नेमली, समितीने १९७८ ला आकाश भारती नावाचा स्वतंत्र न्यास सुचवला, १९७९ ला त्याहून पातळ असं विधेयक आलं आणि सरकारच गेलं.

ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही आला, १९८४ पासून प्रायोजित मालिका आल्या, दूरदर्शनकडे जाहिरातींचा पैसा धो धो यायला लागला. आणि त्याच भरात दशकाच्या मध्यावर लायसन्स फी रद्द झाली. लोक खूश झाले, साहजिक आहे, पोस्टातली रांग वाचली. माझ्या मते मात्र या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महागात पडलेलं वळण हेच आहे, आणि त्यावर तेव्हा म्हणावी तशी चर्चा झालीच नाही. फी कमी करता आली असती, विजेच्या बिलातून किंवा सेटच्या किमतीतून घेता आली असती, तो पैसा थेट संस्थेच्या नावावर टाकता आला असता. काहीच केलं नाही. त्या दिवसापासून मालक दोनच उरले, सरकार आणि जाहिरातदार. पाच-सहा वर्षांत उपग्रह चॅनेल आले नि जाहिरातदार तिकडे गेले. राहिलं कोण?

प्रसार भारतीचा कायदा व्ही. पी. सिंग सरकारने १९९० ला केला आणि सात वर्षं तो नुसता पडून होता. मध्ये १९९५ ला क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते, स्वच्छ सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर गुजराल सरकारने कायदा लागू केला आणि २३ नोव्हेंबर १९९७ ला प्रसार भारती उभी राहिली. निखिल चक्रवर्ती अध्यक्ष, एस. एस. गिल पहिले सीईओ. वर्ष व्हायच्या आत सरकार बदललं, वयोमर्यादेचा अध्यादेश निघाला आणि गिल यांना जावं लागलं. पुढे काय होणार ते तिथेच दिसलं.

कायदा वाईट नाहीये हो, तो वाचून बघण्यासारखा आहे. अध्यक्ष निवडायला उपराष्ट्रपतींची समिती आहे, जनतेच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद आहे, वर संसदेची समिती आहे. पण नियम करायला केंद्र सरकारची मंजुरी, माणसं सरकारी, पगाराचे पैसे सरकारचे. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत नोकरीत असलेल्यांना तर कायदा दुरुस्त करून सरकारी कर्मचाऱ्यांचाच दर्जा दिला. त्यांच्या पेन्शनच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण नवी भरती अगदी नावापुरती, जुने निवृत्त होतायत, आणि छोट्या केंद्रांचा रोजचा गाडा हंगामी निवेदकांवर चाललाय, ज्यांना महिन्याला मोजक्या ड्युट्या मिळतात आणि तेवढ्याचेच पैसे मिळतात. तरुण, बरा आवाज, भाषा चांगली, तो किती दिवस थांबणार?

आजची कमाई बघितली तर एक गोष्ट डोळ्यात भरते. २००४ ला सुरू झालेली दूरदर्शनची डीटीएच सेवा (उपग्रहावरून थेट घरच्या डिशवर टीव्ही), आताची फ्री डिश, ही खरोखर मोठी कामगिरी आहे, महिन्याचं भाडं नाही, एकदा डबा घेतला की झालं, अंदाजाने चार कोटींच्या वर घरांत पोचलीय. पण तिथे उत्पन्न येतं ते खाजगी चॅनेलना जागा लिलावाने देऊन. लोकांच्या पैशाने उभा केलेला रस्ता आहे, गाड्या बहुतेक दुसऱ्यांच्या. २०२३ ला यंत्रणा सुधारायला २५३९ कोटींची योजना मंजूर झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज हे ओटीटी आलं. यंत्रं येतील. प्रसार भारतीचा आढावा घेणाऱ्या पिट्रोडा समितीने २०१४ मध्ये सांगितलेलं हेच होतं की यंत्रांइतकाच पैसा कार्यक्रमांवर आणि माणसांवर घाला.

आणि गरज संपलीय असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, खाजगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, रेडिओवर बातमी म्हणजे आकाशवाणीच. वादळाच्या वेळी कोकणात टॉवर पडतात नि मोबाईल मुका होतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा रेडिओच उरतो. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला तेव्हा केवढा विरोध झाला, निर्णय थांबवावा लागला. पण विरोध सोशल मीडियावर आणि मंत्र्यांकडे करावा लागला, कारण श्रोत्याने जायचं असं दुसरं दारच नाहीये.

ते दार कायद्यात आहे. कलम १३, संसदेची समिती, बावीस सदस्य, पंधरा लोकसभेचे नि सात राज्यसभेचे, प्रसार भारतीच्या कामावर देखरेख ठेवायला. ती आजवर बसलेली नाही. स्वतंत्र निधीसाठी नवा कायदा लागेल, वेळ लागेल, भांडणं होतील, ते समजू शकतो. कलम १३ साठी यातलं काहीच लागत नाही, संसदेने बावीस नावं ठरवायची आहेत.