रहमत, इन्साफ आणि बहिणीचा वाटा

अल्लाह रहमान-रहीम, म्हणजे परम दयाळू, आहे तर शिक्षा कशाला, आणि न्यायी आहे तर माफी कशी? दर रमजानात कुणीतरी हा प्रश्न नवा शोध लागल्यासारखा विचारतो. रहमतीची, म्हणजे दयेची, बाजू सगळ्यांना पाठ असते, तिथे वेळ घालवत नाही. न्यायाचंही कुरआनात स्पष्ट आहे: अल्लाह कणभरही जुल्म, म्हणजे अन्याय, करत नाही (सूरह 4, आयत 40). दोन्ही एकाच आयतीत बघायचे तर 6:160 काढा. नेकीचा मोबदला दसपट, बदीचा मात्र तेवढाच. न्यायाच्या उलट जुल्म असतो, रहमत नव्हे. हक्कापेक्षा जास्त दिलं तर कुणाचं काय बुडतं?

तौबा (पश्चात्ताप) न करता मेलेल्या मोठ्या गुनहगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असं मुतझिला या जुन्या इस्लामी विचारपंथाचे लोक म्हणत. अशअरी हा दुसरा पंथ ते अल्लाहच्या मर्जीवर सोडी. वाद शतकानुशतकं चालला. पण आपल्या लोकांची गाडी तिथे अडतच नाही.

ती अडते ती माफी कुणाच्या हातात आहे, इथे. नमाज चुकली, रोजा सोडला, हे हुकूकुल्लाह, अल्लाहचे हक्क. तिथे रहमतीचा दरवाजा सताड उघडा. बुडवलेली उधारी, चहाडी, बहिणीचा दाबलेला वाटा हे हुकूकुल इबाद, बंद्यांचे हक्क. बहिणीला गोड बोलून हक्कसोड पत्रावर सही घ्यायची, मग उमरा (मक्केची छोटी यात्रा) करून यायचं आणि ‘अल्लाह गफूर आहे’, माफ करणारा आहे, म्हणायचं! अहो, तो गफूर आहेच, पण वाटा बहिणीचा आहे.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात पैगंबरांचं (स.) एक वचन आहे. कयामतच्या दिवशी एक माणूस नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येतो. पण त्याने कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातात. नेक्या संपल्या की त्यांचे गुनाह याच्या माथी. खरा कंगाल हा. त्याच संग्रहात हेही आहे, की शहीदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून.

मग इथे रहमत नाही का? आहे, पण पीडिताला डावलून नाही. खुनाच्या किसासबद्दलच्या, म्हणजे जशास तशा शिक्षेबद्दलच्या, 2:178 या आयतीत वारसांना माफ करायची मुभा आहे आणि तिलाच रबची सवलत आणि रहमत म्हटलंय. काही उलमा (धर्मपंडित) म्हणतात, अल्लाह आपल्या खजिन्यातून देऊन पीडिताला राजी करील. मला हे पटतं, कारण राजी तरीही त्यालाच करावं लागतं.

हजला निघण्याआधी दारोदार जाऊन उधारी फेडणारी जुनी माणसं हे न शिकवता जाणत होती. आता शब-ए-बारातला, म्हणजे माफी मागायच्या रात्री, ‘कहा-सुना माफ करना’चा फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर पडतो. मी तो न वाचता पुसतो. ज्याचे पैसे बुडवलेत, तो बहुधा त्या ग्रुपमध्ये नसतोच.