दोन सर्व्हर आणि तिसरं मत

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्यामुळे सांगलीत क्लस्टर (एक पडला तर दुसरा काम उचलेल अशी सर्व्हरची जोडी) बसवताना एक सर्व्हर सांगलीत, दुसरा मिरजेत ठेवायचं ठरतं. ते बरोबरच, पण मधली लाइन तुटली की जुनंच दुखणं उपटतं: सांगलीचा सर्व्हर बुडाला, की नुसता गप्प आहे?

डिजिटल इक्विपमेंट (डेक) या संगणक कंपनीने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टरने यावर मतदान काढलं. एकूण मतांत दोन मिळवायचे, निम्मे करायचे, अपूर्णांक सोडायचा. येईल तो कोरम, म्हणजे काम चालू ठेवायला लागणारी किमान मतं. तीन मतांना कोरम दोन, दोन मतांनाही दोनच! म्हणजे दोघांतला एक गेला की दुसराही थांबणार. म्हणून तिथे दोघांच्या सामायिक डिस्कलाच एक मत देता येई.

लिनक्सवरच्या हार्टबीट या क्लस्टर सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला मतमोजणी नव्हती. दोन मशिनांत सीरियल केबल, आणि ‘डेडटाइम’इतके सेकंद ‘मी जिवंत आहे’ असा ठोका आला नाही की समोरचा मेला असं धरायचं. केबल निघाली की दोघेही मालक. मग दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी पडत, आणि जुळवताना एका बाजूच्या फेकून द्याव्या लागत. त्यावर उतारा स्टोनिथ: ताबा घेण्याआधी समोरच्याची वीज तोडायची.

आजच्या कोरोसिंक-पेसमेकर या क्लस्टर सॉफ्टवेअरच्या जोडीत ‘टू-नोड’ सेटिंग लावलं की एकट्याला कोरम मिळतो; भिस्त सगळी स्टोनिथवर. पुरात नेमकं तेच फसतं. वीज गेली की सर्व्हरबरोबर त्याचं रिमोट पॉवर कार्डही मरतं. ‘बंद केला’ असं उत्तर येत नाही आणि मिरजेचा धडधाकट सर्व्हर वाट बघत बसतो.

म्हणून तिसरं मत तिसऱ्या गावी, समजा विट्याला. तिथे साधा पीसी चालतो. क्यूनेटडी (मत देणारा प्रोग्राम) बसवायचं, टीसीपी ५४०३ पोर्ट उघडायचा, दोन्ही सर्व्हरवरचं ‘टू-नोड’ काढायचं. विट्याची लाइन मात्र सांगली-मिरज लाइनवरून जाता कामा नये, नाहीतर दोन्ही एकदमच जातील. जोडीला डिस्कविना एसबीडी हा प्रोग्राम: कोरम गमावलेला सर्व्हर वॉचडॉगने (वेळेत खूण मिळाली नाही तर मशीन रीसेट करणाऱ्या टायमरने) स्वतःच रीसेट होतो. इथे आकडे जपून. क्यूडिव्हाइस म्हणजे दोन्ही सर्व्हरवरचा, विट्याचं मत आणणारा भाग; त्याचा ‘सिंक-टाइमआउट’ (मताची वाट बघायची मुदत) मुळात ३० सेकंद असतो, तर वॉचडॉगचा फक्त ५. तसंच ठेवलं तर मताचा निकाल लागण्याआधीच चांगला सर्व्हर रीसेट होतो. वॉचडॉग ३५ करा, ‘स्टोनिथ-वॉचडॉग-टाइमआउट’ (समोरचा रीसेट झाला असं धरण्याआधी थांबायचा वेळ) त्याच्या दुप्पट, ७०. तेवढ्यात काउंटरवरचं काम मिनिटभराहून जास्त थांबेल, तेवढं आधीच सांगून ठेवा.