गृहीतक, अध्याहृत (तर्कक्षमता चाचणीतील)

बोलणाऱ्याने शब्दांत मांडलेली नसते, पण जी मानल्याशिवाय त्याचे म्हणणे उभे राहत नाही, अशी गोष्ट म्हणजे अध्याहृत गृहीतक. स्पर्धा परीक्षांच्या तर्कक्षमता विभागात ते ओळखायला सांगणारे प्रश्न ठरलेले असतात. मराठी मार्गदर्शक पुस्तकांत हे प्रकरण बहुधा ‘विधान आणि गृहीतके’ या नावाने येते. ‘रमेश पतसंस्थेचा सभासद आहे, तेव्हा त्याला यंदा लाभांश मिळणार’ हे वाक्य पाहा. संस्था यंदा लाभांश वाटणार आहे, असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. तेवढे खोटे निघाले, तर रमेशचे सभासदत्व शाबूत राहूनही लाभांशाची गोष्ट संपते.

परीक्षार्थींची सर्वांत जास्त गफलत होते ती गृहीतक आणि निष्कर्ष यांच्यात. विधान मान्य केल्यावर त्यातून जे निघते तो निष्कर्ष. विधान करण्याआधीच जे मानून टाकलेले असते ते गृहीतक. ते खरे असलेच पाहिजे असेही नाही. भाव उतरणार नाहीत असे धरून कोणी सोने घ्यायला सांगितले आणि पुढच्याच महिन्यात भाव उतरले, तरी त्याचे गृहीतक होते ते होतेच. म्हणून ‘हा पर्याय खरा आहे का?’ हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. सामान्य ज्ञान पक्के असलेला उमेदवार नेमका याच जागी घसरतो.

न सांगितलेल्या आधाराचा विचार जुना आहे. वक्ता श्रोत्यांना ठाऊक असलेला भाग गाळतो आणि श्रोते तो मनातल्या मनात भरून घेतात, हे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्राच्या विवेचनात नोंदवले. अशा त्रोटक अनुमानाला तो एन्थिमीम म्हणतो. त्याचे उदाहरण खेळातले आहे : डोरियसने मुकुट हे बक्षीस असलेली स्पर्धा जिंकली हे सांगायचे, तर ‘तो ऑलिंपियात जिंकला’ एवढे पुरे; ऑलिंपियात मुकुट मिळतो हे सगळ्यांनाच माहीत असते. भारतीय न्यायदर्शनाची वाट याच्या उलट आहे. दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव हवेत, असा नैयायिकांचा आग्रह. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, एवढ्यावर भागत नाही. ‘जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात’ हेही बोलून दाखवावे लागते. जी व्याप्ती, म्हणजे धूर आणि आग यांचा कायमचा संबंध, एरवी गृहीत राहिली असती, तिला या पद्धतीत तोंड उघडावे लागते. मीमांसा दर्शनाच्या अनुयायांच्या अर्थापत्तीतला (दिसणाऱ्या गोष्टीचा मेळ लावण्यासाठी न दिसलेली गोष्ट मानणे) लठ्ठ देवदत्त तर आजच्या प्रश्नपत्रिकेतही चालून जाईल. तो दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे. अर्थात तो रात्री जेवतो. मीमांसकांनी याला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले, नैयायिकांनी ते अनुमानातच बसवले. आजचा प्रश्नकर्ता मात्र या वादात न पडता विचारील, की न जेवता कोणी लठ्ठ राहू शकत नाही, हे कोणी आणि कधी सांगितले?

आधुनिक चाचण्यांत या कौशल्याला स्वतंत्र जागा मिळाली. चिकित्सक विचारशक्ती मोजणाऱ्या वॉटसन-ग्लेझर चाचणीच्या पाच भागांपैकी एक केवळ गृहीतके ओळखण्याचा आहे. अमेरिका आणि कॅनडात कायद्याच्या पदवीच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेतून ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लॉजिक गेम्स’ नावाने ओळखला जाणारा विभाग गेला, आणि गुण धरले जाणारे तार्किक युक्तिवादाचे विभाग दोन झाले, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. गृहीतकांवरचे प्रश्न त्यातच येतात. भारतात बँक भरतीच्या परीक्षांनी हा प्रकार घरोघरी नेला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत २०११ पासून आलेल्या सीसॅट पेपरात उताऱ्याखाली ‘पुढील गृहीतके मांडली आहेत’ असे म्हणून त्यांतली ग्राह्य कोणती, हे विचारले जाते.

गृहीतक ओळखण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे नकार-कसोटी. पर्याय उलटा करायचा आणि युक्तिवाद कोसळतो का ते पाहायचे. उदाहरणार्थ : ‘गेल्या उन्हाळ्यात डोंगरउतारावर समतल चर खणले. यंदा मे महिन्यात गावातल्या विहिरींना गेल्या मेपेक्षा जास्त पाणी आहे. म्हणजे ही वाढ चरांमुळे झाली.’ पहिला पर्याय घेऊ : ‘ही वाढ सर्वस्वी जादा पावसामुळे झालेली नाही.’ तो उलटा केला, की वाढीचे सगळे श्रेय पावसाकडे जाते आणि चरांच्या वाट्याला काही उरत नाही. निष्कर्ष कोसळला; गृहीतक सापडले. येथे ‘सर्वस्वी’ या शब्दावर सगळी मदार आहे. पर्याय नुसता ‘यंदा पाऊस जास्त झालेला नव्हता’ असा असता, तर त्याच्या नकाराने युक्तिवाद डळमळला असता, कोसळला नसता, कारण जादा पाऊस आणि चर या दोहोंचाही हातभार असू शकतो. दुसरा पर्याय : ‘गावातल्या सगळ्या विहिरी चरांच्या खालच्या अंगाला आहेत.’ याचा नकार ‘एकही विहीर खालच्या अंगाला नाही’ असा करणे ही नेहमीची चूक. खरा नकार ‘निदान एक विहीर तिथे नाही’ एवढाच होतो, आणि एखादी विहीर वरच्या आळीत असल्याने बोलणाऱ्याचे काही बिघडत नाही. पर्याय बाद.

आता तिसरा : ‘चरांखेरीज दुसऱ्या कशानेही विहिरींचे पाणी वाढू शकत नाही.’ हे मानले तर निष्कर्ष पक्काच होतो, पण बोलणाऱ्याला इतके मानण्याची गरज नव्हती. पहिला पर्याय आवश्यक गृहीतक, हा पुरेसे गृहीतक. एलसॅटमध्ये या दोन्हींसाठी प्रश्नाची शब्दरचनाच निराळी असते आणि नकार-कसोटी फक्त आवश्यक गृहीतकाला लागू पडते. आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत हा भेद सांगितला जात नाही, ही मोठी उणीव आहे. क्लासमध्ये शिकवली जाणारी ‘फक्त, सर्व, कधीच दिसले की पर्याय कापा’ ही युक्तीही अर्धीच खरी. निष्कर्षच जर ‘गावाला पोहोचायला एसटीशिवाय मार्ग नाही’ असा टोकाचा असेल, तर ‘कोणतेही खासगी वाहन तिथवर जात नाही’ हे तितकेच टोकाचे गृहीतक त्याला लागतेच.

बँक भरतीच्या धर्तीवरच्या प्रश्नांत पुष्कळदा युक्तिवाद नसतोच. असते ती सूचना, जाहिरात किंवा आवाहन. नगरपरिषद कळवते : ‘उद्या सकाळी ९ नंतर पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी पाणी साठवून ठेवावे.’ ही सूचना लोकांपर्यंत पोहोचेल, हे गृहीतक धरायचे. नाहीतर सूचना काढलीच कशाला? सगळे ती पाळतील, हे धरायचे नाही. जलवाहिनीची दुरुस्ती निघाली आहे, हेही नाही, कारण तो केवळ संभवनीय तपशील आहे. साठवायला प्रत्येक घरी टाकी आहे, हे नाही. पण निदान काही जणांना पाणी साठवणे शक्य आहे, हे मात्र धरावे लागते. येथे तपासला जातो तो कृतीमागचा हेतू. म्हणून अशा प्रश्नांची उत्तरे तर्कशास्त्राइतकीच रूढ संकेतांवर ठरतात : जाहिरात देणाऱ्याला प्रतिसादाची अपेक्षा असते, तक्रार करणाऱ्याला दखल घेतली जाईल असे वाटते, सल्ला देणाऱ्याला सल्ला उपयोगी वाटतो. संकेत जिथे धूसर होतात, तिथे दोन प्रकाशनांच्या पुस्तकांत एकाच प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात. ‘आमचा साबण वापरा, त्वचा उजळ ठेवा’ या जाहिरातीमागे ‘लोकांना उजळ त्वचा हवी असते’ हे गृहीतक सगळेच धरतात; ‘इतर साबणांनी त्वचा उजळत नाही’ हे धरायचे की नाही, यावर वाद होतो. वाक्यात ‘आमचाच’ असते तर तो झाला नसता.