हलकी रेस दिली की गाडी मिसिंग का करते?
जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

सिग्नल सुटतो, तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर अलगद पाय ठेवता आणि गाडी दोन-तीन हुचके देते. पाय पूर्ण दाबला की नीट पळते. उभ्या गाडीला रेस दिली तर आवाज स्वच्छ येतो. ही तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये आधीच काही ना काही बदललेलं असतं. कुणी नवे प्लग टाकलेले असतात, कुणी ठिणगीला व्होल्टेज पुरवणारी कॉइल, कुणी थेट पेट्रोल पंप. पैसे जातात आणि हुचके तसेच राहतात. म्हणून आमचा आग्रह असा की आधी तपासणी व्हावी आणि मगच पार्ट बदलावा. या तपासणीची पहिली पायरी गॅरेजमध्ये नसते, ती रस्त्यावर तुमच्या हातात असते.

हलक्या रेसवरच का?

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेवर पेटलं नाही. मारुती ८००सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर चुकला तर तेवढ्यापुरती एक तृतीयांश ताकद जाते, म्हणून तिथे झटका जास्त जाणवतो. पाय हलका असतो तेव्हा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थोडीच उघडलेली असते. आत मिश्रण कमी जातं, शिवाय ते बेताचंच असतं, साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. अशा वेळी एखाद्या फुटलेल्या रबरी नळीतून जास्तीची हवा आत शिरली तर एकूण हवेत तिचा वाटा मोठा ठरतो. मिश्रण पातळ होतं आणि नीट पेटत नाही. पाय पूर्ण दाबला की गाडी पेट्रोल वाढवून देते आणि दोष झाकला जातो.

ठिणगीचं गणित वेगळं आहे. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकं प्लगच्या फटीत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. चौथ्या गिअरमध्ये पस्तीसच्या वेगाने जाताना पाय थोडा जरी दाबला, तरी इंजिनवर भार येतो आणि थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग तिथेच उघडा पडतो. उभ्या गाडीत हा भार नसतो. बॉनेट उघडून नुसती रेस देऊन हा दोष सहसा सापडत नाही तो यामुळेच.

तुम्ही काय बघायचं

रिंग रोडवर गर्दी नसेल तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसचा वेग धरा आणि पाय अगदी हळू दाबत जा. नंतर उड्डाणपुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये तेच करून बघा. हलक्या पायावर हुचके आणि जोरात दाबल्यावर साफ, असं असेल तर आमचा पहिला संशय हवेच्या गळतीवर आणि थ्रॉटलच्या सेन्सरवर असतो. जितका जोर तितकं मिसिंग जास्त, असं असेल तर आधी प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, आणि मग पेट्रोलचा दाब व फिल्टर. ही विभागणी काटेकोर नाही, कारण पातळ मिश्रणालाही पेटायला जास्त व्होल्टेज लागतं. पण सुरुवात कुठून करायची ते यावरून कळतं. हे करताना शेजारी कुणाला तरी बसवा. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघावं, नोंद दुसऱ्याने करावी.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. क्लच सोडताना गाडी थरथरते, किंवा रेस देता-सोडताना खालून ‘धप्प’ असा आवाज येतो, ते बहुधा मिसिंग नसतं. तिथे क्लच किंवा इंजिनचे माउंटिंग (आधाराचे रबर) बघावे लागतात.

आम्ही काय तपासतो

सुरुवात प्लगपासून, कारण त्यावर इंजिनची हकीकत वाचता येते. टोक विटकरी-करडं असेल तर ठीक. पांढरं फटक म्हणजे मिश्रण पातळ, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, तेलकट ओल म्हणजे आतून ऑइल येतंय. फट मोजतो. गाडीप्रमाणे ती साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते आणि झिजून वाढते. प्लगच्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी फट सोडून बाहेरून निसटते आहे. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही, वरची रबरी टोपीही बदलावी लागते. नाहीतर नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा उमटते.

वायरींचा रेझिस्टन्स मीटरवर मोजतो. एक वायर बाकीच्यांपेक्षा खूप वेगळी निघाली की तिच्यावर संशय. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या) कॅपमध्ये साचलेला दमटपणा हेही बघतोच. चालू इंजिनच्या प्लगची वायर घरी ओढून बघू नका. त्यात हजारो व्होल्ट असतात. शिवाय कॉइल जाऊ शकते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर आम्ही अदलाबदल करतो. गाडीच्या संगणकातले कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा दोष दिसला, तर पहिली कॉइल तिसऱ्यावर लावून गाडी पुन्हा चालवतो. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच बदलायची. जागेवरच राहिला तर कॉइल निर्दोष आणि तुमचे पैसे वाचले. स्कॅनरवर काहीच दिसलं नाही म्हणजे दोष नाही, असं मात्र समजू नका. जुन्या गाड्यांचा संगणक पुष्कळदा मिसफायर नोंदवतच नाही.

यानंतर हवेची गळती. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. इंजिनच्या ओढीवर चालणाऱ्या, व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या टोकाशी कडक होऊन चिरतात आणि ही चीर नळी वाकवल्याशिवाय दिसत नाही. स्प्रे मारून गळती शोधण्याचा उद्योग घरी करू नका, तापलेल्या इंजिनवर आग लागू शकते.

थ्रॉटल किती उघडला ते संगणकाला सांगणाऱ्या सेन्सरवर आम्ही जास्त वेळ घालवतो. पाय हळूहळू दाबला की त्याचं व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सलग चढायला हवं. शहरात पाय बहुतेक वेळ सुरुवातीच्या थोड्या भागातच खेळतो. सेन्सरची पट्टी तिथेच झिजते आणि नेमकं तिथेच व्होल्टेज क्षणभर पडतं. सावकाश बघितलं नाही तर हे हमखास सुटतं.

कार्बोरेटरच्या गाडीत आयडलिंगकडून (रेस न देता चालण्याकडून) मेन जेटकडे, म्हणजे पेट्रोलच्या मुख्य भोकाकडे, जाताना काम करणारी बारीक भोकं कचऱ्याने बुजतात, आणि हलक्या पायावरची अडखळ तिथून येते. डेल्कोचा व्हॅक्यूम डायफ्राम फाटला असेल तर हलक्या रेसवर टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे सरकत नाही, शिवाय त्याच्या नळीतून इंजिनात हवाही शिरते. हल्ली पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण आणखी पातळ होतं. कार्बोरेटर ते आपोआप सावरू शकत नाही, सेटिंग हातानेच करावी लागते.

एवढं करूनही एकच सिलिंडर चुकत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजतो. एलपीजी किटच्या गाड्यांमध्ये हे आम्ही आधीच करून घेतो. त्यांत व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेट घट्ट होण्याची शक्यता जास्त असते.

गाडी आणण्याआधी

फोनवर एवढं सांगा : हुचके गाडी थंड असताना येतात की तापल्यावर, कोणत्या गिअरला, किती वेगाला, पावसात वाढतात का, आणि अलीकडे कोणते पार्ट बदलले. थंड असतानाच त्रास होत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, सकाळी पहिला स्टार्ट आम्ही मारू. काढलेले जुने पार्ट तुमच्या हातात देतो आणि शेवटची चक्कर तुम्हाला सोबत घेऊनच मारतो.

डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा सतत उघडझाप करत असेल, किंवा मिसिंगबरोबर कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवत आणू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लाल होईपर्यंत तापतो आणि आतून वितळतो. त्याचा खर्च प्लग-कॉइलच्या कितीतरी पट असतो. गाडी बाजूला लावा, इंजिन बंद करा आणि आम्हाला कळवा. टोचन करून आणण्याची व्यवस्था आम्ही करू.