लोण्याच्या आधी पाव

पडद्यावर अक्षरांचे दोन पुंजके, एकाखाली एक. दोन्ही खरे शब्द असतील तर एक बटण दाबायचं, एखादा जरी बनावट असेल तर दुसरं. बस्स, एवढाच खेळ. डेव्हिड मेयर आणि रॉजर श्वानेवेल्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना तो खेळायला लावला आणि १९७१ साली निकाल प्रसिद्ध केले. ‘पाव’ आणि ‘लोणी’ अशा नात्यातल्या जोड्यांना सरासरी ८५५ मिलिसेकंद लागले, ‘नर्स’ आणि ‘लोणी’ अशा परक्या जोड्यांना ९४०. फरक ८५ मिलिसेकंदांचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो!

या परिणामाला ‘प्रायमिंग’ म्हणतात. अ‍ॅलन कॉलिन्स आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७५ मध्ये त्याचं जे स्पष्टीकरण मांडलं, ते चाळीत राहिलेल्यांना लगेच पटेल: एका खोलीची कडी वाजली की शेजारच्या दोन-चार खोल्यांतही हालचाल होते. शब्द डोक्यात असेच शेजाराने राहतात.

मग वाटतं, माणूस पुढचा शब्द मुद्दाम ताडत असेल. जेम्स नीली यांनी १९७७ मध्ये हेच तपासलं. ‘शरीर’ दिसलं की इमारतीच्या भागांची नावं येतील, असं त्यांनी लोकांना आधीच बजावलं होतं. दोन शब्दांत दोन सेकंदांचं अंतर असलं तर ‘दार’ झटकन ओळखलं जाई आणि ‘हृदय’ उलट रेंगाळे. पण अंतर पाव सेकंदाचं केलं, की बजावलेलं सगळं बाजूला राहून ‘हृदय’च लवकर ओळखलं जाई.

मला यातला सगळ्यात गमतीचा वाटतो तो डेव्हिड स्विनी यांचा १९७९चा प्रयोग. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून ऐकायचं यंत्रही. ऐकवलेल्या वाक्यात कोळी-झुरळांचा उल्लेख असल्याने अर्थ अगदी उघड होता. तरीही ‘बग’ कानावर पडताक्षणी पडद्यावर दाखवलेले ‘मुंगी’ आणि ‘हेर’ हे दोन्ही शब्द लवकर ओळखले गेले. वाक्य तीन अक्षरं पुढे सरकेपर्यंत ‘हेर’ गायब, ‘मुंगी’ तेवढी उरली.

आपल्याकडे ‘चला, पानं घेतली’ अशी हाक आली की क्षणभर झाडाचं, पुस्तकाचं आणि विड्याचं पानही डोकावून जात असावं. आपल्याला पत्ता लागायच्या आत ती परतलेली असतात, आणि आपण हात धुवायला उठलेलो असतो.